परसबाग : भिंतीखालची घूस

वडोदऱ्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या परसातील रताळ्याचा वेल एकाएकी मलूल झाला. पाणी कमी पडले असेल म्हणून त्यांनी दोन दिवस पाणी घातले; तिसऱ्या दिवशी वेल उचलून पाहिला, तर तो अलगद हाती आला. खाली रताळे नव्हतेच. होती ती एक पोकळी आणि तीत घसरत जाणारी माती. शेजारच्या अळूच्या वाफ्यात रोज सकाळी भुसभुशीत मातीचा ढीग दिसतो; तो सपाट केला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. "हे काय असावे, आणि यावर औषध कोणते?" असे त्या विचारतात. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न इंदूरहून आणि फोंड्याहूनही आला आहे, म्हणून यंदाचे पान त्यालाच दिले आहे.

ही घूस, याविषयी मला शंका नाही. आपल्यासारख्या, घरात मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा असलेल्या कुटुंबांची येथे एक लहानशी अडचण होते : दुकानदाराला किंवा नगरपालिकेच्या माणसाला सांगायचे कसे? 'मोठा उंदीर' म्हटले की तो चिमुकला पिंजरा काढून देतो. तेव्हा वडोदऱ्यात 'कोळ' म्हणावे, आमच्या बेळगावाकडे 'हेग्गण', हैदराबादेत 'पंदिकोक्कु'. तेलुगूतील या शब्दाचा अर्थ डुक्कर-उंदीर असा होतो आणि इंग्रजांनी त्यावरूनच 'बँडिकूट' हे नाव घेतले. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना 'घूस' हाच शब्द चालेल. मात्र हिंदीत लाचेलाही घूस म्हणतात, हे नगरपालिकेच्या कचेरीत बोलताना लक्षात ठेवावे!

घुशीच्या आपल्याकडे दोन जाती. धाकटी पाव किलोच्या आसपास भरते. थोरली नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत वीतभराहून बरीच मोठी आणि वजनाने कधी कधी किलोच्या घरात जाणारी. दोघीही चिडल्या म्हणजे अंगावरचे राठ केस उभे करून घुरघुरतात. साधे मांजर पुरत्या वाढलेल्या घुशीच्या वाटेस सहसा जात नाही, ते याचमुळे. परसात ढीग काढणारी बहुधा धाकटी असते. ती बिळाच्या तोंडाशी ताजी माती लोटून ते आतून बंद करून घेते. ढिगाशेजारी भोक दिसत नाही म्हणून 'बीळ नाही' असे समजू नये. ढीग हेच दार. याउलट, चिक्‌-चिक्‌ असा आवाज करीत भिंतीच्या कडेने धावणारी, लांब सोंडेसारख्या नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री ही उंदरांच्या कुळातली नव्हेच. ती झुरळे आणि किडे खाते. तिला मारू नये.

जमिनीखालचा घुशीचा संसार मोठा नेटका असतो. एक मुख्य वाट, तिला फुटलेले फाटे, पिलांची खोली, धान्याची कोठारे आणि संकटकाळी पळून जाण्यासाठी दुसरीकडे निघणारी तोंडे. सुमारे तीन आठवड्यांत मादी विते. एका वेताला सहा-आठ पिले होतात आणि तीन महिन्यांत तीही विण्याजोगी होतात. चार घुशी मारून दोन राहिल्या तर वर्षभरात आपण होतो तेथेच येतो, हे गणित सोपे आहे. परंतु गृहिणी ज्या कारणाने फसते ते कारण हे नव्हे. घूस कुंपण मानीत नाही, हे ते कारण. मला ते कसे कळले ते सांगणे भाग आहे, जरी ते सांगताना आजही अवघड वाटते.

१९८६ चा पावसाळा. बेळगावला शहापुरातील आमच्या घरामागे लांबट परडे होते. एका बाजूस दगडमातीची कुंपणभिंत आणि पलीकडे एका वृद्ध कानडी बाईंचे घर. आम्ही सारे त्यांना अज्जी म्हणत असू. श्रावणात एका रात्री भिंतीचा तीन-साडेतीन हात भाग खाली बसला. पावसाने बसला असे वाटले. पण सकाळी पाहिले तर दगडांखाली जमीनच नव्हती. त्याच आठवड्यात तुळशीवृंदावन एका अंगाला कलले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज वृंदावन गेले, उद्या घराचा पाया जाईल." त्या वेळी मी नवी होते, कर्तबगारी दाखविण्याची हौसही होती. बाजारातून राखी रंगाची विषारी पूड आणली, ज्वारीच्या पिठात तेलाबरोबर मळली, गोळ्या केल्या आणि आमच्या बाजूच्या दोन ढिगांत खोचून ठेवल्या. मुलांना परड्यात जाऊ दिले नाही. एवढे केले म्हणजे सर्व काळजी घेतली, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अज्जींच्या तीन कोंबड्या मेलेल्या आढळल्या. त्या बिळाचे तिसरे तोंड भिंतीपलीकडे, अज्जींच्या जळणाच्या ढिगाखाली होते. रात्री घुशीने माती उपसून बाहेर लोटली आणि तिच्याबरोबर माझ्या गोळ्याही. अज्जींना वाटले, मानमोडी आली. त्यांच्याकडे भांड्यांना येणारी बाई त्यातली एक कोंबडी घरी नेण्यासाठी पिशवीत घालीत होती. गरिबाघरी मेलेली म्हणून कोंबडी कोण टाकतो? भिंतीच्या खिंडारातून मला ते दिसले आणि हातापायांतले बळच गेले. गप्प राहिले असते तर कोणाला कधी कळले नसते, हेही त्या क्षणी मनात येऊन गेले. ते लपवीत नाही. मी तशीच खिंडारातून पलीकडे गेले आणि पिशवी हातातून ओढून घेतली. मग सारे सांगितले.

अज्जी एक शब्द बोलल्या नाहीत. कोंबड्या खोल खड्ड्यात पुरल्या. घरी येऊन सासूबाईंना सांगितले तेव्हा त्याही रागावल्या नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी स्वतः गेल्या आणि तीन तलंगा घेऊन आल्या. "या तू नेऊन दे," एवढेच म्हणाल्या. अज्जींनी तलंगा ठेवून घेतल्या. मी परत वळणार तोच त्या म्हणाल्या, "तंगी, हेग्गण तुझेपण न्हवं, माझेपण न्हवं. ते भिंतीचं हाय. तू तिकडनं मारतीस, ते इकडं येतंय. मी इकडनं मारते, ते तिकडं जातंय." आणि खरोखर, आदल्या वर्षी त्यांनी मिरचीचा धूर केला होता त्याच सुमारास आमच्याकडे पहिला ढीग दिसला होता. एकमेकींना न सांगता आम्ही दोघी ती घूस इकडून तिकडे पाठवीत होतो.

पुढच्या वैशाखात आम्ही दोन्ही घरांनी मिळून काम केले. तो हंगाम मी मुद्दाम सांगते. पावसाळ्यात सखल बिळांत पाणी शिरते आणि घुशी उंच, कोरड्या जागेच्या शोधात घराच्या जोत्याखाली येतात. शिवाय सर्वत्र खाणे मुबलक असते. उन्हाळ्यात बाहेर खाणे कमी असते, म्हणून पिंजऱ्यातले आमिष तिला मोलाचे वाटते. जमीन कोरडी असल्याने बिळे स्पष्ट दिसतात. आणि पावसाळ्यातली वीण अजून व्हायची असते. हा अंक हाती पडेल तेव्हा चैत्र लागलेला असेल, म्हणजे दोन महिने हाताशी आहेत.

आरंभ खाण्यापासून करावा. खरकट्याची उघडी खाच, खाली पडलेले पेरू आणि चिकू, कोंबड्यांपुढे रात्रभर राहणारे दाणे, पाखरांसाठी टाकलेली कणी, गाईचे पेंड-आंबोण : यांतले एकही चालू असेल तर पुढचे सारे श्रम वाया. खरकट्याला झाकणाचे भांडे करावे. कोंबड्यांचे दाणे दिवे लागण्यापूर्वी उचलावेत. मग आसरा. जुनी कौले, विटांची रास, जळण ही भिंतीला टेकवून ठेवण्याची आपली जुनी सवय आहे. तीच घुशीच्या सोयीची. जळण दीड फूट उंचीच्या मांडवीवर, भिंतीपासून दूर ठेवावे. भिंतीच्या दोन्ही अंगांनी दोन-दोन हात पट्टा गवत काढून उघडा करावा. उघड्या जागेतून जाणे घुशीला आवडत नाही, आणि नवा ढीग निघाला तर आपल्याला लगेच दिसतो.

नंतर राहती बिळे ओळखावयाची. एका संध्याकाळी दोन्ही बाजूंचे सर्व ढीग सपाट करून, उघडी तोंडे चिखलाने लिंपून घ्यावीत आणि प्रत्येकाजवळ काठी रोवावी. सकाळी जेथे ताजी माती वर आली असेल ते राहते बीळ. आम्ही आमच्याकडे दोन बिळे धरून चाललो होतो. त्या सकाळी आमच्याकडे चार आणि अज्जींकडे तीन निघाली. बिळात हात किंवा नुसता पायाचा अंगठाही घालू नये. घुशीच्या बिळात नागही राहतो आणि धामणही. धामण बिनविषारी असून उंदीर-घुशी खाऊनच जगते. ती दिसली तर तिला जाऊ द्यावे. गव्हाणी घुबडाचेही तेच. त्याला अशुभ मानून हुसकावणाऱ्या घरांत लक्ष्मीची पूजा मात्र थाटाने होते, हे मला कधी उलगडले नाही.

पाणी ओतून घूस बाहेर काढण्याचा उपाय पुष्कळजण सुचवितात. मोकळ्या शेतात तो कदाचित चालेल. घराजवळ तो करू नये. घूस उत्तम पोहते, दुसऱ्या तोंडाने निघून जाते आणि पाण्याने भिजून खचतो तो आपला पाया. धुराचे वर सांगितलेच.

राहिला पिंजरा, आणि माझ्या मते घरच्या बागेला तोच योग्य. तो जाड तारेचा आणि निदान दीड फूट लांबीचा हवा. भिंतीला अगदी लागून, तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवावा. घूस नव्या वस्तूला बिचकते, म्हणून पहिल्या तीन रात्री दार बांधून उघडेच ठेवावे आणि आत भाजलेले सुके खोबरे किंवा तेल लावलेला भाकरीचा तुकडा ठेवावा. ती निर्धास्त खाऊन जाऊ लागली की चौथ्या रात्री दार लावावे. घाई करणाऱ्यांच्या पिंजऱ्यात पहिल्या रात्री एक अडकते आणि बाकीच्या शहाण्या होतात. दोन्ही घरांत मिळून आम्ही चार पिंजरे लावले होते; अकरा दिवसांत नऊ घुशी सापडल्या. पिंजरा उचलताना जाड हातमोजे घालावेत. चावली तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सापडलेल्या घुशीचे पुढे काय, हा प्रश्न कोणालाच आवडत नाही. कोस-दीड कोसावर नेऊन सोडणे म्हणजे आपले दुखणे दुसऱ्याच्या शेतात टाकणे. तो मार्ग मला मान्य नाही. आमच्याकडे अज्जींचा भाचा पिंजरे घेऊन जाई आणि धुऊन परत आणी. मी त्याला काही विचारीत नसे. बाप्पाचे वाहन म्हणून सासूबाई त्या दिवशी जपाला दोन माळा अधिक बसत.

पिंजरे चार-पाच रात्री रिकामे राहिले की बिळे खणून काढावीत, नाहीतर तयार घर पाहून नवे बिऱ्हाड येते. आम्ही खणले तेव्हा दोन हातांवर एक कोठार लागले. ज्वारी होती, भुईमुगाच्या शेंगा होत्या, देवघरातल्या तुपात भिजलेल्या फुलवाती होत्या आणि साबणाच्या दोन अर्ध्या वड्या. त्या साबणावरून आम्ही वर्षभरापूर्वी एका पोरसवदा मोलकरणीला बोललो होतो आणि ती काम सोडून गेली होती.

खणलेले चर खडी, मुरूम आणि चुन्याने ठोकून भरावेत. बिळात फुटक्या काचा भरण्याची चाल आहे. पायाजवळ सिमेंटमध्ये त्या चालतील, पण वाफ्याच्या मातीत कधीही नको, पुढच्या वर्षी खुरपणाऱ्याचा हात कापतो. भिंत पुन्हा बांधताना आम्ही तिच्या बुडाशी अर्ध्या इंचाहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी दीड-दोन फूट खोल पुरली आणि तळाशी ती फूटभर बाहेरच्या अंगाला वळवून घेतली. घूस भिंतीलगत खाली खणत जाते, जाळीच्या आडव्या पदराला अडते आणि मागे सरकून खणण्याचे तिला सुचत नाही. रताळी किंवा भुईमूग लावावयाचा वाफा लहान असेल तर त्याच्या तळाला व बाजूंना अशीच जाळी घालावी. नारळाच्या रोपाभोवतीही घालावी. कोवळ्या रोपाचा गाभा तिला फार प्रिय. नहाणीच्या मोरीला जाळी हवीच, बहुतेक घरांत ती तेथूनच आत येते.

आता वडोदऱ्याच्या भगिनींनी विचारलेल्या 'औषधा'विषयी. विषाला औषध म्हणण्याची आपली रीत मला भीतिदायक वाटते. मी वापरलेली राखी पूड झिंक फॉस्फाईडची होती. पोटातील आम्लाशी संयोग झाला की तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. त्यावर उतारा नाही. तिला किंचित लसणासारखा वास येतो, आणि थोडीशी खाऊन वाचलेली घूस पुन्हा तशा आमिषाला तोंड लावीत नाही, त्यामुळे माझ्या गोळ्यांनी कोंबड्याच गेल्या. ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या मिळतात. त्यांनी रक्त गोठणे थांबते आणि घूस काही दिवसांनी मरते. त्यावर डॉक्टरांकडे 'के' जीवनसत्त्वाचा उतारा असतो. परंतु ती मेलेली घूस घुबडाने किंवा मांजराने खाल्ली तर त्यांनाही बाधा होऊ शकते. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांना तर गृहस्थाने हातही लावू नये. त्यांचा वायू भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीत शिरतो आणि झोपलेली माणसे उठत नाहीत. कायद्यानेही त्यांची विक्री आणि वापर प्रशिक्षित माणसांपुरता मर्यादित केला आहे. विष घालण्याची वेळ आलीच तर ते जाणत्याकडून, बिळाच्या आत खोल घालून तोंड बंद करून घ्यावे आणि भिंतीपलीकडच्या घराला आदल्या दिवशी सांगावे. मुलाच्या तोंडात काही गेल्याची नुसती शंका आली तरी दूध-तूप पाजीत वेळ दवडू नये. वेष्टन बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे.

दुखण्यांविषयी थोडे. घुशी-उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो; साचलेल्या पाण्यातून आणि ओल्या मातीतून तो पायाच्या बारीक जखमेवाटे शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ उसळली होती. कोकण, गोवा आणि दक्षिण गुजरातेत तो पावसाळ्यात आढळतो. तेव्हा पावसात वाफ्यात अनवाणी उतरू नये. ताप, पोटऱ्यांत विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर परसात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि काही कारण नसता उंदीर भराभर मरून पडू लागले तर त्यांना हात न लावता आरोग्य खात्याला कळवावे. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगची गोष्ट आपण आजोबा-पणजोबांकडून ऐकलेली असते. सुरतेत १९९४ साली काय झाले ते गुजरातेतील वाचकांना सांगावयास नको.

तर वडोदऱ्याच्या भगिनींनी सध्या अळूचा वाफा तसाच राहू द्यावा, ढीग तेवढे मोजावेत आणि दुकानात दीड फुटी पिंजऱ्याची चौकशी करावी. रताळ्याचे वेल पुन्हा लावण्यास आषाढ उजाडावा लागेल, तोवर जाळी घालून होईल. त्यांच्या भिंतीपलीकडे कोण राहते हे पत्रात लिहावयाचे राहून गेले आहे. ते मात्र कळवावे.